होजी आणि मास्तरांना खाली आणायचा प्रोजेक्ट

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला सगळे होजी म्हणतात. खरं नाव पगारपत्रकावर आहे, पण ते वाचलं की मलासुद्धा दर वेळी हा कोण नवा माणूस कामाला लागला असं वाटतं. कुणी काहीही मागितलं तरी या माणसाच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'हो', आणि समोरचा वयाने मोठा असेल तर 'हो जी'. आमच्या संस्थेत समोरचा नेहमीच वयाने मोठा असतो, कारण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची कामं करणं हाच आमचा धंदा आहे. धंदा म्हटलेलं अध्यक्षबाईंना आवडत नाही. त्या 'सेवा' म्हणतात. सेवा त्या स्वतः करत नाहीत, त्यामुळे शब्द निवडायला त्यांना सवड मिळते.

मी तिथे टेलिफोनवर बसते. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या म्हणजे आमचं कार्यालय. आतलं सगळं सामान दानातलं. लोक उदार असतात म्हणजे काय, तर घरात जे चालत नाही ते आम्हाला देतात. फ्रीज आहे, तो गार करत नाही म्हणून त्यात फायली ठेवतो. खुर्च्या निरनिराळ्या घरांतून आलेल्या, त्यामुळे प्रत्येकीची उंची निराळी. मीटिंगला बसलो की कुणी कुणाच्या टाळूशी बोलतो, तर कुणाची हनुवटी टेबलाला टेकते. अध्यक्षबाई सगळ्यात उंच खुर्ची पकडतात. होजींच्या वाट्याला कायम ती बुटकी वेताची येते, कारण "तिथे बसता का?" असं विचारलं की ते हो म्हणतात.

एकदा एकाच सकाळी त्यांनी एका आजींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, दुसरीकडच्या आजोबांचा गळका नळ बघायचा आणि तिसऱ्या घरच्या मांजराला इंजेक्शन द्यायला न्यायचं कबूल केलं. शेवटी मांजर टोपलीत, टोपली आजींच्या मांडीवर, आजी डोळ्यांच्या दवाखान्यात, आणि नळ अजून गळतोच आहे. त्या नळाचे आजोबा मला फोन करून होजींना यथेच्छ बोलून घेतात आणि वर म्हणतात, "माणूस मात्र सोन्यासारखा हो!"

बरं, तो 'हो' खोटा नसतो, हीच तर पंचाईत. खोटं बोलणाऱ्याला दोन शब्द सुनावून मोकळं होता येतं. होजींना त्या क्षणी अगदी आतड्यातून वाटत असतं की हे काम आपण करणार. मग दुसऱ्या कुणाचा फोन येतो आणि तेच आतडं तिकडे ओढलं जातं. माझी बहीण घरी शिवणकाम करते. तिच्यासाठी धाग्याचं रीळ आणायला निघालेले होजी संध्याकाळी कुणाच्या तरी खिडकीला काच बसवून, रिळाशिवाय, हसत परत येतात. बहीण एका शब्दाने बोलत नाही. नुसती मशीनवरचा कपडा उचलते, घडी घालते आणि माझ्याकडे बघते. हे स्थळ मीच आणलं होतं, त्यामुळे ते बघणं माझ्याच खात्यावर जमा होतं.

या सगळ्या होकारांतला सगळ्यात जुना होकार मास्तरांना दिलेला होता.

मास्तर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. इमारतीला लिफ्ट नाही आणि जिन्याची वळणं अशी की धडधाकट माणूससुद्धा कठडा धरून उतरतो. पडून कंबरेचं हाड मोडलं, ते जुळलं, पण पाय काही पायरी ओळखेना. तेव्हापासून मास्तर खाली उतरले नव्हते. जगाचा नकाशा तोंडपाठ असलेला माणूस खोलीपासून मोरीपर्यंत भिंत धरून प्रवास करायचा.

रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, तळमजल्यावर त्यांची थोरली बहीण राहायची. अक्का. आधी असं चालायचं की अक्का सकाळी दारात खुर्ची टाकून बसायची आणि मास्तर वर खिडकीत उभे राहायचे. ही खालून हात करायची, ते वरून. मग अक्का अंथरुणाला खिळली आणि दारातली खुर्ची गेली. फोन होता, पण अक्काला ऐकू यायचं नाही. मास्तर ओरडायचे, "अक्का, जेवलीस का?" आणि पलीकडून यायचं, "कोण हवंय आपल्याला?" दोघांच्या मध्ये एक रस्ता, आणि तो रस्ता ओलांडणं दोघांनाही जमण्यासारखं नव्हतं.

मास्तरांनी होजींकडे एकच गोष्ट मागितली होती. एकदा खाली ने मला, अक्काजवळ बसायचंय. होजी म्हणाले होते, "हो जी, पुढच्याच आठवड्यात." असे पुढचे आठवडे येत राहिले. होजी दर खेपेला मास्तरांची औषधं घेऊन वर जायचे, मास्तर विचारायचे, होजी तितक्याच ताज्या मनाने हो म्हणायचे आणि जिना उतरायचे. उतरताना त्यांना अवघड वाटत नसे, कारण ते एकटेच असत.

अशात आम्हाला ट्रेनिंग लागलं.

आमच्यासारख्या संस्थांना मदत करणारा एक ट्रस्ट आहे. त्यांनी ठरवलं की सेवाभावी माणसांना भाव भरपूर असतो, पण कामाची शिस्त नसते, तेव्हा सर्वांना प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकवायचं. एक तरुण सर आले. गोड माणूस, खोटं कशाला बोलू. बाण काढायची भारी हौस. फळ्यावर चौकोन काढायचे, चौकोनातून बाण काढायचे, बाण दुसऱ्या चौकोनात घुसवायचे आणि मागे होऊन बघायचे. आम्हाला रंगीत चिकटचिठ्ठ्या वाटल्या. हिरव्यावर काम, पिवळ्यावर ते कोण करणार, गुलाबीवर काय बिघडू शकतं. दुपारपर्यंत गुलाबी संपल्या. आमच्या अनुभवी मंडळींना काय बिघडू शकतं हे फार चांगलं ठाऊक आहे.

"प्रोजेक्टला सुरुवात असते आणि शेवट असतो," सर म्हणाले. "ज्याला शेवट नाही तो प्रोजेक्ट नाही. आणि आपल्या स्कोपमध्ये काय आहे, काय नाही, हे आधी ठरवायचं. जे स्कोपमध्ये नाही त्याला काय म्हणायचं?"

बुटक्या वेताच्या खुर्चीतून होजींनी हात वर केला. "नंतर बघू?"

"नाही," सर म्हणाले.

"काय नाही?"

"नाहीच म्हणायचं. नाही, हे आमच्या स्कोपमध्ये बसत नाही."

होजींचा चेहरा मी तेव्हा पाहिला. जन्मभर ज्याला उजवा हात नव्हता त्याला एकदम तो फुटावा, तसा. त्यांनी ते वाक्य हलक्या आवाजात दोनदा म्हणून पाहिलं. नाही, हे आमच्या स्कोपमध्ये बसत नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्याच संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "ताई, तुमच्याकडे काय शिकवतात ग?"

"का, काय झालं?"

"मी म्हटलं, उद्या येताना काळ्या धाग्याचं रीळ आणा. तर म्हणतात, हे माझ्या स्कोपमध्ये नाही."

"आणि तुझ्या लेकीला तरी हो म्हणाले ना?"

"ती गणित विचारायला गेली. तिला म्हणाले, या कामाची जबाबदार व्यक्ती तू आहेस, मी फक्त माहिती द्यायची व्यक्ती आहे. आणि माहिती दिलीच नाही. त्यांना येत नाही ते गणित."

नव्या मुल्लाची बांग म्हणावी असला उत्साह काही दिवस घरात चालला. स्वयंपाकघराच्या दारावर तक्ता लागला. भांडी घासण्याचे टप्पे पडले. बहिणीने दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी होजी हातपाय धुऊन ताटावर बसले, तर ताट रिकामं. बहीण मशीनवर बसून टिपा मारत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, आज स्वयंपाक स्कोपमध्ये बसला नाही." तक्ता त्याच रात्री निघाला. गणित मात्र लेकीचं लेकीलाच करावं लागलं, आणि ते तिला बरोबर आलं, हेही सांगायला हवं.

सरांनी सांगितलं होतं की प्रत्येक संस्थेने सरावासाठी एक छोटा प्रोजेक्ट निवडायचा, पार पाडायचा आणि ट्रस्टपुढे मांडायचा. अध्यक्षबाईंनी सुचवलं, "समाजातील सर्व ज्येष्ठांचे सर्वांगीण सबलीकरण." सर नम्रपणे म्हणाले की याला शेवट दिसत नाही. बाई म्हणाल्या, शेवट कशाला हवा, मी आजन्म अध्यक्ष आहे. तेवढ्यात खालच्या खुर्चीतून होजी म्हणाले, "मास्तरांना खाली आणू या?"

सगळे गप्प झाले, कारण सूचना चांगली होती आणि आमच्याकडे त्याची सवय नाही.

सर खूश झाले. छोटा, स्पष्ट, मोजता येण्यासारखा. "शेवट कुठे?" त्यांनी विचारलं. होजींनी क्षणभर डोळे मिटले. "मास्तर अक्कांच्या पलंगाजवळ जाऊन बसले, की झालं." सरांनी फळ्यावर शेवटचा चौकोन काढला, त्यात 'मास्तर अक्कांजवळ' लिहिलं आणि त्याला दुहेरी रेघ मारली. अध्यक्षबाईंनी प्रोजेक्टला नाव दिलं, 'स्नेहभेट'. आम्ही सगळ्यांनी तो फळा पाहिला. शिकलेसवरलेले लोक होतो, डोळे सगळ्यांना होते.

मग तयारी सुरू झाली. जिन्याची मापं घेतली. माणसाला बसवून पायऱ्यांवरून उतरवायची पट्ट्यांची खुर्ची असते, ती रुग्णवाहिकेवाल्यांकडून मागितली. ती त्यांच्या कामातून एकाच दिवशी मोकळी होती, म्हणून तो दिवस धरला. उचलायला व्यायामशाळेतले चौघं गडी ठरले. पिवळ्या चिठ्ठ्यांवर कोण पुढे, कोण मागे, पाण्याची बाटली कुणाकडे, रस्त्यावरच्या गाड्या कोण थांबवणार. होजींनी मास्तरांकडे जाऊन सगळा तक्ता मोठ्याने वाचून दाखवला. मी सोबत होते, कारण मास्तरांकडून एक ते पाच यांत समाधानाचा आकडा आणायची जबाबदारी माझी होती.

मास्तरांनी चष्मा पुसून तक्ता नीट ऐकला. मग म्हणाले, "म्हणजे अक्काच्या पलंगाजवळ पोचलो की संपलं?"

"संपलं," होजी म्हणाले.

"त्यानंतर काही नाही?"

"काही नाही, मास्तर. तोच शेवट."

मास्तर थोडा वेळ तक्त्याकडे बघत राहिले. "छान केलाय," म्हणाले. "सुटसुटीत आहे." आणि समाधानाला पाच दिले. मला वाटलं, मास्तर आहेत, पोरांना शाबासकी द्यायची जुनी सवय.

त्याच आठवड्यात अक्कांना सांभाळणाऱ्या नर्सबाईंचा फोन आला. अक्कांचं खाणं सुटलं होतं. डॉक्टर येऊन गेले होते आणि जाताना नर्सबाईंना बाजूला घेऊन बोलले होते. "सकाळी डोळे उघडले की विचारतात, छोट्या आला का," नर्सबाई म्हणाल्या. "आता फार दिवस धरू नका हो."

मी रिसीव्हर ठेवला आणि होजींवर सुटले. "ते बाण आणि चौकोन चुलीत घाला. उचला त्या माणसाला आणि नेऊन बसवा. ती बाई तुमच्या तक्त्यासाठी थांबणार आहे का?"

होजींनी खिशातून घडी केलेला तक्ता काढून माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाले, "ताई, खुर्चीशिवाय त्या जिन्यावरून हातांनी उतरवलं आणि हातातून सुटले, तर मास्तरही गेले आणि भेटही गेली. खुर्ची त्या दिवशी मिळणार आहे. त्या दिवशी मी आणणार म्हणजे आणणार."

"हे तुम्ही वर्षभर म्हणताय."

"हो," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले. मला माझ्याच जिभेचा राग आला. पण राग आला म्हणून ती काही आखूड झाली नाही.

तो दिवस उजाडला आणि अक्का अजून होत्या. नर्सबाईंना मी सकाळीच फोन करून खात्री केली.

जिन्यात आमची जत्रा. प्रत्येक वळणावर भिंतीला चिकटचिठ्ठी. सर हातात घड्याळ आणि कॅमेरा घेऊन उलटे उतरत होते, ते स्वतःच पडतील ही जोखीम कुणी गुलाबीवर लिहिली नव्हती. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून, बूट घालून, केस चापून बसले होते. मांडीवर मोठी कापडी पिशवी. गड्यांपैकी एकाने ती वेगळी घेऊ का विचारलं, तर मास्तरांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"काय भरलंय एवढं, मास्तर?"

"पुस्तकं आहेत. बहिणीला दाखवायचीत."

ऐकू न येणाऱ्या, डोळे उघडायचेही कष्ट पडणाऱ्या बाईला पुस्तकं. मला हसू आलं, पण म्हटलं, माणसाची हौस.

होजी खुर्चीच्या पुढे, तोंड वर करून, एकेक पायरी मागे सरकत उतरत होते. त्यांच्या डोळ्यांत मास्तरांखेरीज काही नव्हतं. कुणीतरी खालून हाक मारली, होजी, जरा माझा गॅस बघता का, तर ते वळलेसुद्धा नाहीत. शेवटची पायरी सुटली आणि मास्तर रस्त्यावर आले. उन्हाने त्यांनी डोळे मिटून घेतले. "रस्ता रुंद झाला की काय रे?" म्हणाले. रस्ता तेवढाच होता.

गाड्या थांबवल्या, पलीकडे नेलं, अक्कांच्या दारातून आत वळवलं. पट्ट्या सोडल्या आणि पलंगाला लागून असलेल्या आरामखुर्चीत मास्तरांना बसवलं. अक्कांनी डोळे उघडले. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "छोट्या, केस पांढरे केलेस की."

मास्तरांनी तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "तूच उशीर केलास!"

माझ्या डोळ्यांना पाणी आलं, हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर जे झालं त्यात मी पहिली हसले.

सरांनी फोटो काढले, शेवटच्या चौकोनात बरोबरची खूण केली आणि आम्ही सगळे कार्यालयात आलो. प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये प्रोजेक्ट नुसता संपून चालत नाही, तो समारंभाने बंद करावा लागतो. चहा, बिस्किटं. अध्यक्षबाईंचं भाषण, 'मी जेव्हा ही कल्पना मांडली'. पट्ट्यांची खुर्ची रुग्णवाहिकेवाल्यांकडे परत गेली, पोच मिळाली. चौघे गडी त्यांच्या सामन्याला गेले. सर म्हणाले, इतका वेळेवर बंद झालेला प्रोजेक्ट त्यांनी अजून पाहिला नव्हता. टाळ्या झाल्या. होजी वेताच्या खुर्चीत पाय लांब करून बसले होते, जन्मात पहिल्यांदा एक काम संपवलेला माणूस.

दिवस कलला होता. फोन वाजला. मी घेतला.

"मी नर्स बोलतेय," आवाज आला. "मास्तरांना परत न्यायला कोण येणार आहे?"

मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि तो प्रश्न जसाच्या तसा सगळ्यांना सांगितला.

निरनिराळ्या उंचीवरच्या सगळ्या माना फळ्याकडे वळल्या. फळ्यावर शेवटचा चौकोन होता, दुहेरी रेघेचा. त्यातून बाहेर एकही बाण नव्हता. शिकवणारे सर, आजन्म अध्यक्षबाई, मी, इतका अनुभव, इतक्या गुलाबी चिठ्ठ्या, आणि एका माणसाला घरून नेलं की घरी पोचवायचं असतं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सरांनी घसा खाकरला. "तांत्रिकदृष्ट्या," म्हणाले, "तो वेगळा प्रोजेक्ट होईल."

मी हसायला लागले ते थांबेचना. होजी मात्र कधीच जिना उतरायला लागले होते. मी पर्स घेऊन मागे धावले.

अक्कांच्या खोलीत दिवा लागला होता. मास्तर तसेच पलंगाजवळ, अक्कांचा हात त्यांच्या हातात. होजी दारातच उभे राहिले. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

"मास्तर, चुकलो," ते म्हणाले. "वर न्यायचं ठरवायचंच राहून गेलं. खुर्ची परत गेली. मी काहीतरी करतो, माणसं गोळा करतो, पण..."

"मी कुठे वर न्या म्हणालो?" मास्तर म्हणाले.

होजींना कळेना. मलाही.

"तू तक्ता वाचलास, त्यात परत जायचं नव्हतं. मी दोनदा विचारलं तुला. तू म्हणालास, तोच शेवट." मास्तरांनी पायाशी ठेवलेली पिशवी बुटाने पुढे सरकवली. तिचं तोंड उघडं होतं. पुस्तक एकच होतं, नकाशांचं. बाकी सगळे कपडे, दाढीचं सामान, औषधाच्या पट्ट्या, टॉवेल. "मला वाटलं, तुम्ही सुशिक्षित माणसं, विचार करूनच ठरवलं असणार. म्हणून गप्प बसलो. बोललो असतो तर तुम्ही सुधारणा केली असती."

होजींनी पुढे होऊन पिशवीतला टॉवेल काढला, पाहिला आणि घडी करून परत ठेवला.

घोडं अडलं ते पुढे. नर्सबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं की आपण एका पेशंटसाठी आहोत, दोघांचं उठवणं-बसवणं आपल्याला होणार नाही, आणि सकाळी तर मुळीच नाही, तेव्हा अक्कांचं अंग पुसायचं असतं. त्यांचं काही चुकत नव्हतं. मास्तरांना सकाळी कुणीतरी उठवून, मोरीपर्यंत नेऊन, दाढी-आंघोळ करून परत खुर्चीत बसवायला हवं होतं. हे झालं तर ते इथे राहू शकत होते. नाही झालं तर उद्याच्या उद्या कुठून तरी खुर्ची मिळवून वर, खिडकीत.

"रोज यायला लागेल," मास्तर होजींना म्हणाले. आवाज पहिल्यांदाच जरा बारीक झाला होता. "येशील?"

होजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला माहीत होतं काय चाललंय. एवढी वर्षं जो शब्द आपोआप निघायचा, तो आता निघण्याआधी थांबून चौकशी करत होता. ट्रेनिंग झालेला माणूस! त्यांनी विचारलं, "कधीपर्यंत, मास्तर?"

मास्तरांनी अक्कांकडे पाहिलं. त्यांचा डोळा लागला होता. तरी ते आवाज खाली आणून म्हणाले, "ती आहे तोवर."

होजी बोटांवर काहीतरी जुळवत होते, कुणाचा नळ, कुणाचं मांजर, कुणाची औषधं. मग म्हणाले, "हो."

नुसतंच हो. 'जी' नाही, हसू नाही. मी म्हटलं, झालं. आता उद्या सकाळी नर्सबाईंचा फोन येणार, आणि मला तो घ्यावा लागणार.

सकाळी मी फोनपाशी बसून राहिले. फोन आला, पण तो नळाच्या आजोबांचा होता, आणि ते संतापाने ओरडत होते. "तुमच्या होजींना झालंय काय? मला म्हणाले, सकाळी नाही जमणार! मला! नाही म्हणाले!" त्यानंतर दिवसभर तसेच फोन. होजींनी आदल्या रात्रीच सायकलवरून घरोघरी जाऊन सांगितलं होतं, सकाळी नाही, दुपारी येईन, आणि हे काम माझ्याने होणार नाही, त्यासाठी प्लंबर बोलवा. सोन्यासारखा माणूस एका दिवसात पितळेचा झाला. आणि गंमत अशी की नळ त्याच आठवड्यात दुरुस्त झाला. प्लंबरने केला.

मास्तरांकडे होजी रोज जात राहिले. बहीण त्यांना पहाटे उठवायची आणि डबा द्यायची, दोघा भावंडांसाठी मऊ शिजवलेलं काहीतरी. रीळ ती स्वतः आणायला लागली. म्हणायची, "ताई, मी इतकी वर्षं त्यांच्या सगळ्या होकारांवर चिडत होते. एकच होकार दिला असता तर मी काही म्हटलं नसतं."

ट्रस्टपुढे आमचा प्रोजेक्ट गाजला. वेळेत बंद केल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. ते अध्यक्षबाईंनी चौकट करून न चालणाऱ्या फ्रीजच्या वर लावलं आहे, दारातून आत येताच दिसेल असं. मास्तर अजून खालीच आहेत हे मांडणीत आलं नाही. सरांनी मला हळूच विचारलं होतं, त्यांचं पुढे काय झालं? मी सांगितलं, तर त्यांनी बॅगेतून चिकटचिठ्ठी काढली, बराच वेळ पेन धरून उभे राहिले आणि ती कोरीच परत ठेवली. म्हटलं ना, गोड माणूस.

अक्का डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ टिकल्या. खायलाही लागल्या थोडं. मास्तर दुपारी नकाशाचं पुस्तक उघडून त्यांच्या कानात देशांची नावं ओरडायचे आणि त्या म्हणायच्या, तिथे आपण गेलो होतो. कुठेच गेले नव्हते दोघं. मास्तर म्हणायचे, हो, गेलो होतो.

मग एका दुपारी, मास्तरांनी धरलेला हात तसाच ठेवून, अक्का गेल्या. सगळं आवरलं. अध्यक्षबाई येऊन गेल्या, हळहळल्या आणि जाताना मला म्हणाल्या, आता मास्तरांना वर न्यायचा एक प्रोजेक्ट करता येईल, नाव सुचलंय.

त्यानंतरची सकाळ. मी कार्यालय उघडायला निघाले होते. कोपऱ्यावर होजी दिसले, सायकलच्या हँडलला डबा अडकवलेला, रोजच्याच रस्त्याने निघालेले. मी हाक मारली. त्यांनी एक पाय टेकवला.

"होजी, अक्का आहेत तोवर ठरलं होतं ना?" मी विचारलं. "ते तर संपलं आता."

"हो," ते म्हणाले, आणि मास्तरांकडे गेले.